अवकाश-दुर्बिणींच्या आरशांवरील अभ्यासवर्ग, नौपाडा, ठाणे

नौपाड्यातील एका खासगी संस्थेने घेतलेला हा अभ्यासवर्ग मोजक्या विषयात खोल शिरतो, आणि म्हणूनच तो मला मनापासून आवडला. सर्वाधिक वेळ जेम्स वेब दुर्बिणीच्या १८ षटकोनी आरशांना दिला होता. बेरिलियमच्या सुमारे २५० किलोच्या ठोकळ्याला मागून त्रिकोणी कप्पे कोरत, केवळ पातळ फासळ्या शिल्लक ठेवून, तो सुमारे २० किलोवर कसा आणला, हे सरांनी ॲल्युमिनियमच्या नमुन्यावर दाखवले. बेरिलियमची भुकटी फुफ्फुसांना घातक असल्यामुळे खरा धातू वर्गात न आणण्याचा त्यांचा निर्णय योग्यच होता. नमुना हातात घेऊन फासळीच्या कडेवरून बोट फिरवले, तेव्हा इतक्या कमी धातूत एवढा ताठपणा कुठून येतो, हे लगेच पटले.

उणे २३० अंश सेल्सियसच्या आसपास आरशाचा आकार किंचित बदलतो. म्हणून तो आधी थंड करून मोजायचा आणि मग सामान्य तापमानाला नेमका उलटा दोष घासून ठेवायचा, म्हणजे अवकाशात तो आपोआप निवळतो, हे विवेचन तर अप्रतिम होते. हर्शेल या अवकाश-दुर्बिणीच्या ३.५ मीटर सिलिकॉन कार्बाइड आरशाची तुलनाही उद्बोधक वाटली. आरशाच्या आधारांचे गणित मात्र घाईत उरकले. त्यासाठी स्वतंत्र सत्र हवेच. भौतिकशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी हा वर्ग जरूर करावा.