मालगुंडचं केशवसुत स्मारक : घाई असलेला माणूस सोबत नको

गणपतीपुळ्याला आलेली गाडी दोनेक किलोमीटरवरच्या मालगुंडला वळतेच असं नाही. वळली तरी "पाच मिनिटं हां" म्हणत लोक उतरतात, घरापुढे फोटो काढतात आणि परत गाडीत. मी मे अखेरीस एकटी गेले, दोन तास बसले.

केशवसुतांचं जन्मघर जुन्या पद्धतीचं, नीट राखलेलं. कोकण मराठी साहित्य परिषदेचं हे स्मारक 1994 मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते खुलं झालं. कवींच्या माहितीचं दालन मी भराभर पाहिलं. रेंगाळले ती आवारात, दगडांवर कोरलेल्या कवितांपाशी.

आम्ही चिपळूणचे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी घरात शिरली तेव्हा आम्ही माळ्यावर होतो. पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर कवितांची पुस्तकं फुगून फळीत अशी घट्ट बसलेली की एकही निघेना. शेवटी ह्यांनी पहारीने फळीच उचकटली. एकवीस पुस्तकं, चिखलाची एकच वीट. त्यामुळे इथली अक्षरं बोटाने चाचपताना मनात आधी काय आलं, तर 'हे भिजलं तरी चालेल.' हसू नका.

पुरानंतर घेतलेलं पहिलं पुस्तक केशवसुतांचंच. ते पिशवीत होतं. सावलीला बसून 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' वाचली. कोकणापासून लांब पडलेला माणूस तिकडून येणाऱ्या वाऱ्याशी बोलतो. नोकरीपायी मुंबई, खानदेश, धारवाड असा फिरला आणि 1905 मध्ये हुबळीला प्लेगने गेला, चाळिशीही न गाठता. त्याला त्या वाऱ्यात घर आठवायचं. आमच्याकडे तोच वारा सुटला की मी आधी कागदपत्रांची पिशवी माळ्यावर टाकते, आणि कान पुराचा इशारा देणाऱ्या भोंग्याकडे.

वाचता वाचता माडांच्या झावळ्या सळसळायला लागल्या. पुस्तकाचं पान उलटलं, मी अंगठ्याने दाबून धरलं. मोबाइलवर नदीची पातळी न बघता तो वारा पुरानंतर पहिल्यांदाच नुसता अंगावर घेतला. छान गार होता हो.

जाणार असाल तर उन्हं कलल्यावर जा, आवार दुपारी तापतं. पुस्तक आपलं न्या.