खोतीगाव की नेत्रावळी? घरच्या मंडळींना घेऊन रानात जायचे तर

डिसेंबरात पाहुणे आले की गोव्यात हा प्रश्न निघतोच. किनारे झाले, देवळे झाली, आता रानात कुठे न्यायचे? दमवणारा चढ नको, झाडी मात्र दाट हवी. वाटेत तळे नाहीतर पाणवठा लागावा आणि जेवणवेळेपर्यंत परतता यावे. अशा वेळी दोन नावे एका दमात घेतली जातात: काणकोणातले खोतीगाव आणि सांगे तालुक्यातले नेत्रावळी. दोन्ही अभयारण्ये एकमेकांना लागून आहेत, तरी चालायला गेलात की दोन वेगळ्याच गोष्टी हाती लागतात.

खोतीगावचे अभयारण्य १९६८ सालचे, सुमारे ८६ चौरस किलोमीटरचे. पाळोळेच्या किनाऱ्यावर मुक्काम असेल तर गाडीने अर्ध्या तासाची वाट. पैंगीणजवळ हमरस्ता सोडला, फाटकावर तिकीट काढले, की पुढे रान सुरू. इथला मोठा फायदा म्हणजे पायवाटा मुळात चालणाऱ्यांसाठी आखलेल्या आहेत. काही अर्ध्या किलोमीटरच्या, काही चार-पाच किलोमीटरच्या. बऱ्याचशा सपाट. आजोबांचे गुडघे कुरकुरायला लागले तर छोटी वाट संपवून मागे फिरता येते, बाकीच्यांनी पुढे जावे.

पाणवठ्याशी झाडावर उंच मचाण बांधलेले आहे, जमिनीपासून सुमारे २५ मीटरवर. शिडीचा चढ उभा आहे. वर जाऊ देतात का, ते फाटकावरच विचारून घ्या, आणि लहान मुलांना वर नेण्याचा हट्ट धरू नका. खाली बसूनही काही बिघडत नाही. गवा दिसेल ही आशा सगळेच धरून येतात, बहुतेकांना फक्त चिखलातले खुरांचे ठसे दिसतात. तास-अर्धा तास गप्प बसायची तयारी असेल तर शेकरू दिसण्याची शक्यता बरी. (महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना आपला राज्यप्राणी गोव्यात भेटल्याचे कौतुक वाटते, हा माझा अनुभव.) मुलांना मात्र सगळ्यात आवडतो तो उडता सरडा. खोडाच्याच रंगाचा असतो, म्हणून बसलेला ओळखू येत नाही; एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत गेला की मग सगळे ओरडतात आणि शांततेचे बारा वाजतात. ऐनाच्या झाडांची भेगाळलेली खोडेही मुलांना हात लावून पाहू द्या. ऐनाला इथे माट्टी म्हणतात.

नेत्रावळी आकाराने दुपटीहून मोठे, २११ चौरस किलोमीटर. म्हादई अभयारण्याबरोबरच १९९९ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. मडगावहून तासाभरापेक्षा जास्त लागतो, पण सांगे सोडल्यावरचा रस्ताच इतका हिरवा आहे की प्रवासाची तक्रार कोणी करत नाही. इथले आकर्षण म्हणजे गोपीनाथाच्या देवळाशेजारची बुडबुड्यांची तळी. चारी बाजूंनी जांभ्याच्या पायऱ्या, पाणी स्वच्छ, आणि तळातून सतत वर येणारे बुडबुडे. टाळ्या वाजवल्या की ते वाढतात असे सांगतात. खुशाल वाजवा, पण न वाजवताही ते येतच असतात आणि तेव्हा जास्त छान दिसतात. पायऱ्यांवर बसून हे पाहायला आजी-आजोबांना काहीच कष्ट पडत नाहीत.

पण ही पायपीट नव्हे. गाडीतून उतरलात की तळी, आणि आसपास कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा. खरोखर चालायचे असेल तर सावरी किंवा मैनापी धबधब्याकडे जावे लागते, तिथे दगडधोंडे, व्हाळ (ओढे) ओलांडणे आणि चढउतार आहेत. मैनापी तर सरावलेल्यांसाठीच. पावसाळ्यात दोन्हींचा विचार सोडा. २०२३ च्या जुलैत मैनापीला दोघे बुडाले आणि त्यानंतर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायलाच बंदी घातली गेली. पावसात जळवाही असतात, हे वेगळे सांगायला नको.

माझे मत विचाराल तर चालायची हौस असलेल्या कुटुंबाने डोळे मिटून खोतीगाव निवडावे, तेही डिसेंबर ते फेब्रुवारीत आणि सकाळी फाटक उघडल्या उघडल्या. नऊनंतर पक्षी गप्प होतात आणि सहलीच्या गाड्या बोलू लागतात. एप्रिल-मेमध्ये रान वाळते आणि जनावरे पाण्यावर येण्याची शक्यता वाढते, पण त्या उकाड्यात म्हाताऱ्या माणसांना नेणे मला पटत नाही. घरात कोणाला चालवतच नसेल तर नेत्रावळी. डबा आणि पाणी दोन्हीकडे घरूनच न्या.

अगदी लहान मुले असतील आणि जनावर दिसलेच पाहिजे अशी अट असेल, तर फोंड्याकडचे बोंडला. जेमतेम आठ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य, आत प्राणिसंग्रहालय. गुरुवारी बंद असते, तेवढे लक्षात ठेवा.

आणि पणजीकरांना एवढ्या लांब जायचेच नसेल तर करमळीचे तळे आहे, कोकण रेल्वेच्या करमळी स्टेशनाजवळच. हिवाळ्यात अडई बदके, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, दुर्बीण असली तर सकाळ पुरत नाही. झाडी मात्र तिथे शोधू नका. उघड्या बांधावर सावली नसते, टोपी घ्या.