दहा रुपयांत पालिकेची फाइल: गोव्यातील माहिती अधिकार सेवा

नगरसेवकाचा मदतनीस असो की वाड्यावरच्या रस्त्यासाठी भांडणारा कार्यकर्ता, कुठला कागद कुठल्या टेबलावर पडलाय हे ज्याला ठाऊक, त्याचेच पालिकेत चालते. माहिती अधिकारही अशाच माणसाला फळतो. गोव्याने या विषयावर स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता. आज लागू आहे तो २००५ चा केंद्रीय कायदा. अर्जाला १० रुपये, छायाप्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराला ३० दिवस. या भावात सेवा उत्तम, फक्त अर्ज नीट लिहिता यायला हवा.

पहिली चूक पत्त्याची. पणजीत खणलेला रस्ता महापालिकेचा, साबांखाचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा), स्मार्ट सिटीच्या कंपनीचा की मलनिस्सारण महामंडळाचा? चुकीच्या कचेरीत गेलेला अर्ज त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, पण कामाचा फलक वाचून कार्यादेशाचा (वर्क ऑर्डरचा) क्रमांक आधीच टिपला तर ही फेरी वाचते.

दुसरी चूक ‘का’ विचारण्याची. ‘रस्ता का उखडला?’ याला उत्तर मिळत नाही, आणि न देणारा अधिकारी कायद्याने बरोबर ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात हेच सांगितले: माहिती म्हणजे नोंदीत असलेले, कारणमीमांसा नव्हे. म्हणून कागद मागावा: अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदांचा तुलनात्मक तक्ता, वर्क ऑर्डर, अदा झालेली बिले आणि मुख्य म्हणजे एम.बी., मोजमापाची वही. हॉटमिक्सच्या, म्हणजे डांबरी थराची लांबी, रुंदी, जाडी, मोजणीची तारीख आणि अभियंत्याची सही तिथे सापडते. पुढे नळवाल्यांनी तोच रस्ता कापला की चराच्या कडेला खरी जाडी दिसते. वही आणि कड जुळत नसतील तर प्रकरण तयार. कलम २(j) खाली कामाची पाहणी करता येते, साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. हा हक्क फारच कमी लोक वापरतात.

अर्ज मराठीत लिहावा, पण ‘वर्क ऑर्डर’, ‘रनिंग बिल’ (चालू कामाचे टप्प्याटप्प्याचे बिल) हे शब्द तसेच ठेवावेत. फायली बहुतेक इंग्रजीत असतात आणि कारकून फाइलवरचा शब्द शोधतो. अर्जदार नागरिक हवा, म्हणून मंडळाच्या किंवा नगरसेवकाच्या लेटरहेडवर नको. स्वतःच्या नावाने सही करून इनवर्डचा शिक्का घ्यावा. कारण देण्याची गरज नाही.

अडते कुठे? प्रतींचे पैसे भरा, असे पत्र मुदतीच्या अगदी शेवटी आले तर पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजले जात नाहीत, म्हणून लगेच भरावेत. मुदत उलटल्यावर मिळालेली माहिती मात्र फुकट. ‘दहा वर्षांची सगळी कामे’ मागितली की कलम ७(९) दाखवून, म्हणजे एवढ्या प्रती काढण्यात कचेरीची शक्ती अवाजवी खर्च होईल असे सांगून, कार्यालयात येऊन फाइल बघा, असे कळवतात. एका प्रभागाचे एकच वर्ष मागावे. जन्मदाखला किंवा परवाना रखडला असेल तर त्यासाठी गोव्याचा २०१३ चा कालबद्ध सेवा कायदा आहे. ते काम इथे आणू नये.

पहिले अपील ३० दिवसांत करायचे, त्यावर निर्णय ३० ते ४५ दिवसांत. इथपर्यंत सेवा ठीक. दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जाते आणि खरी कमजोरी तिथे आहे: आयोगाने कधी निकाल द्यावा, याची मुदत कायद्यातच नाही. दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० असा दंड कागदावर भारी दिसतो, पण तो लावायचा की नाही हे ठरणारही तिथेच. त्यामुळे अनुभवी मदतनीस आधी नुसत्या तपासणीचा अर्ज टाकतात, फाइलीतल्या पानांचे क्रमांक टिपून घेतात आणि दुसऱ्या अर्जात नेमकी तेवढीच पाने मागतात.