फोटोमॅटिक्स प्रो: ग्वाल्हेरच्या उन्हासावलीत काही महिने

पावसाळा ओसरताना फोटोमॅटिक्स प्रो हे एचडीआर फोटोंचं, म्हणजे कमीजास्त उजेडाचे अनेक फोटो एकत्र करून एक फोटो बनवण्याचं सॉफ्टवेअर घेतलं आणि सगळा हिवाळा किल्ल्यावरचे आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांचे फोटो त्यावरच केले. मी समाधानी आहे. मात्र एचडीआर म्हणजे कानाकोपरा उजळलेला, रंग भडकलेला फोटो, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं जमणार नाही. काळोख हाही त्या जागेचा भाग असतो.

किल्ल्यावरचं सास-बहूचं मोठं मंदिर घ्या. १०९३ सालचं बांधकाम. सभामंडपात भरदुपारी अंधार आणि बाहेर पाहावं तर खालचं शहर उन्हात पांढरंफटक. एका क्लिकमध्ये खांबांवरचं कोरीव काम तरी मिळतं, नाहीतर बाहेरचं आकाश तरी. म्हणून वेगवेगळ्या एक्सपोजरचे, म्हणजे कमीजास्त उजेड घेतलेले फोटो घेऊन ते एकत्र करायचे.

अर्धं काम कॅमेऱ्यातच होतं. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेला मूळ, न दाबलेला डेटा), अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (भिंगाचं छिद्र आपण ठरवायचं, वेळ कॅमेरा ठरवतो), एफ/८, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून पक्का, आणि दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). मंडपात तीन पुरत नाहीत, तिथे पाच घेते. पाहायचं एवढंच, की सगळ्यात गडद फोटोचा हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) उजव्या काठाला चिकटलेला नको आणि सगळ्यात उजळ फोटोचा डाव्या काठाला. हे साधलं नसेल तर पुढे कितीही स्लायडर हलवा, जे टिपलंच नाही ते येणार नाही. स्मारकांत ट्रायपॉड सहसा परवानगीशिवाय चालत नाही, त्यामुळे मी खांबाला टेकून हातानेच काढते. एकत्र करताना ‘हँड-हेल्ड’ हा पर्याय निवडला की जुळवणी नीट होते.

माणसांचं काय? मंडपात कायम कुणीतरी फिरत असतं आणि एकच बाई तीन ठिकाणी अर्धीअर्धी उमटते. अशा अर्धवट आकृत्या, म्हणजे घोस्ट, आपोआप काढण्याची सोय आहे, पण मला हाताने केलेलं आवडतं. त्या जागेभोवती रेघ ओढायची, ती घोस्ट म्हणून ठरवायची आणि तेवढा तुकडा कोणत्या फोटोतून घ्यायचा ते सांगायचं. वेळ लागतो, पण निकाल स्वच्छ येतो.

आता खरी गंमत. एकत्र केलेल्या फोटोतला उजेड-अंधार पडद्यावर दिसेल असा बसवणं म्हणजे टोन मॅपिंग; डीटेल्स एनहान्सर ही त्याची एक पद्धत. तिच्यात सगळे आधी स्ट्रेंग्थ, म्हणजे परिणामाचा जोर ठरवणाऱ्या स्लायडरकडे धावतात. माझ्या मते फोटो घडतो किंवा बिघडतो तो लायटिंग अ‍ॅडजस्टमेंट्समध्ये. हा स्लायडर नॅचरलच्या बाजूला ठेवला की कळसाभोवतीचं पांढरं वलय जातं. स्ट्रेंग्थ मी निम्म्याच्या आसपासच ठेवते. परीक्षा घ्यायची असेल तर मानमंदिरावर घ्या. राजा मानसिंह तोमरच्या या महालाच्या भिंतीवर निळ्या फरशांची नक्षी आहे; तिच्यात बदकं, हत्ती, केळीची झाडं. सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) जरा वाढवलं की तो जुना, किंचित विटलेला निळा प्लॅस्टिकच्या बादलीसारखा दिसू लागतो आणि शेजारचा पिवळसर दगड नारिंगी होतो. मी सॅच्युरेशन उलट थोडं खालीच आणते. निळा बरोबर आला की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात.

वाड्यांच्या आतल्या भागासाठी मात्र टोन मॅपिंग नकोच. तिथे एक्स्पोजर फ्यूजनमधलं ‘इंटीरियर’ वापरावं. ही पद्धत प्रत्येक फोटोतला चांगला उजळलेला भाग घेऊन ते मिसळते, त्यामुळे ताण जाणवत नाही. मामांच्या वाड्यातलं माजघर मी असंच केलं: चौकातलं ऊन उंबरठ्यापर्यंत येतं, आत पितळी समई जेमतेम चमकते, फडताळातले डबे ओळखू येतात आणि आढ्याचा काळा लाकडी भाग काळाच राहतो. मामी म्हणाल्या, “दुपारी अगदी असंच दिसतं गं.” याहून वेगळं काही मला नकोच होतं.

खटकलेलं एकच: अंधाऱ्या भागात दाणे वाढतात. म्हणून रॉ फाइल थेट न घालता लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून नॉइज (हेच दाणे) कमी करून मगच पाठवते. तयार फोटो १६ बिट टिफमध्ये साठवते, कारण शेवटचा कॉन्ट्रास्ट नंतर द्यावा लागतो. टोन मॅपिंगनंतर फोटो थोडा सपाट दिसतोच.

लाइटरूम आधीच असेल तर कंट्रोल-एच दाबून होणारं एचडीआर मर्जही साध्या निसर्गदृश्यांना पुरेसं आहे. तेवढ्यासाठी वेगळे पैसे घालू नका. पण आत काळोख आणि बाहेर लख्ख ऊन अशा जागा वारंवार टिपत असाल तर फोटोमॅटिक्स घ्याच. ट्रायल आवृत्तीला मुदत नाही, फक्त फोटोवर वॉटरमार्क येतो. तेव्हा नमुन्याचे फोटो सोडा आणि आपल्याच घरातल्या एखाद्या अंधाऱ्या खोलीचे, खिडकी चौकटीत येईल असे तीन फोटो घालून पाहा.