साडेसहा फुटी अल्ट्रालाइट रॉड, एक वर्ष वापरून: हिप्परग्यापासून तीर्थन नदीपर्यंत

मागच्या दिवाळीच्या बोनसमधून हा मासे धरायचा सेट घेतला, यंदाची दिवाळी पण झाली, म्हणजे वर्ष पूर्ण. घेतला तेव्हा दोघातिघांनी विचारलेलं की सोलापुरात राहून एवढा बारीक रॉड कशाला, तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आता वहीत लिहून ठेवल्याप्रमाणं २६ वेळा पाण्यावर जाऊन आलोय, त्यातले ११ दिवस रिकाम्या हातानं परत, त्यामुळं आता सांगतो.

सेट असा: साडेसहा फुटी दोन तुकड्यांचा रॉड (वर २ ते ७ ग्रॅम लिहिलंय, म्हणजे फेकायच्या आमिषाचं वजन), १००० साइजचं स्पिनिंग रील (दोरा गुंडाळायची चरखी) आणि ६ पाउंड ताकदीची ब्रेडेड लाइन, म्हणजे विणलेला दोरा, १५० मीटर. रॉड १,९००, रील २,४००, लाइन ८००. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण पुढं तक्रारी पण आहेत आणि मला सामानाबद्दल बोलायचंय.

घेतला ट्राउटसाठीच, म्हणजे थंड पाण्यातल्या माशासाठी, हे आधी सांगतो. आमचे दाजी ट्रकवर आहेत, सफरचंदाच्या सीझनला हिमाचलातल्या कुल्लूकडून माल भरतात. ते सांगायचे की तिकडं नदीत तळाचा गोटा न् गोटा दिसतो आणि त्या धारेत मासा तोंड वर करून एका जागी उभा असतो, वाहून जात नाही. ते ऐकून माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं. पण सोलापूरहून कुल्लू काय रोज होत नाही, म्हणून ठरवलं की वर्षभर इथंच हात बसवायचा आणि रजा मिळाली की तिकडं जायचं.

सुरुवात हिप्परग्याच्या तलावावर, म्हणजे एकरूख. आदिला नदी अडवून ब्रिटिशांच्या काळात बांधलेला, तुळजापूर रोडनं गेलं की लगेच. थंडीत पहाटे सहाला पोचायचो, आधी ठेकेदाराच्या माणसाला विचारायचो, मगच गळ. चिलापी, बारका मृगल असं लागायचं. जाड रॉडवर पाव किलोची चिलापी लागली तर कळत पण नाही, नुसती ओढून घ्यायची. या रॉडवर तीच चिलापी आली की शेंडा पार पाण्याकडं वाकतो, तिनं डोकं हलवलेलं मनगटात कळतं. पहिल्या दिवशी तीन चिलाप्या मिळाल्या आणि घरी येऊन बायकोला तासभर तेच सांगत बसलो.

आता मुख्य मुद्दा. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात वार्पिंगला (ताण्याचं सूत गुंडाळायच्या कामाला) आहे, १४ वर्षं झाली, वडील हातमागावर होते. दिवसभर हातातून सूत जातं. त्यामुळं मी रॉडपेक्षा दोऱ्याकडं जास्त बघितलं, आणि वर्षानंतर माझं मत पक्कं झालंय की लोक दुकानात रॉड हलवून हलवून बघतात, पण बारीक फिशिंगमध्ये मासा जातो तो नव्वद टक्के दोऱ्यामुळं नाहीतर दोरा ज्या वाटेनं जातो त्या वाटेमुळं.

एक उदाहरण देतो. स्पिनर म्हणजे ते पितळी पान, ओढलं की तारेभोवती गरगर फिरतं. अर्धा दिवस टाकला की लाइन रीलवरून सुटताना वेटोळी पडायला लागली, मग गुंता. सगळे म्हणले लाइन खराब. लाइन खराब नव्हती ओ, पीळ भरला होता तिच्यात! सुताला एस पीळ आणि झेड पीळ असतो, एकाच दिशेनं पीळ देत गेलं की ढिला सोडल्या सोडल्या सूत स्वतःभोवतीच वळतं, हे आमच्या खात्यात नव्या पोराला पण दुसऱ्या दिवशी कळतं. स्पिनर तेच करतो, दर वेळी एकाच बाजूला पीळ. उपाय दोन. स्पिनरच्या हातभर वर चांगलं बॉल बेअरिंगवालं स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी कडी, लावायचं (पाच रुपयातलं नको, ते फिरतच नाही), आणि दिवस संपला की पुढचं सगळं काढून नुसती लाइन वाहत्या पाण्यात लांब सोडून परत गुंडाळायची, पीळ आपोआप सुटतो. तलावावर वाहतं पाणी नाही, तिथं मी गवतावरून चालत ओढली, चालतं.

ब्रेडेड लाइन पॉलिथिनच्या तंतूंची असते, गुळगुळीत. सुताला मारतो ती विणकरी गाठ मी सवयीनं मारली आणि ती सरळ घसरून सुटली, कापसाला पकड असते तशी याला नाहीच. डबल युनी गाठ शिकलो, ओली करून ओढायची, ती टिकली. तसंच रीलवर आधी पाचसहा मीटर साधा तंगूस गुंडाळून मग ब्रेडेड बांधा, नाहीतर अख्खी लाइन स्पूलवर (रीलच्या फिरकीवर) गोल फिरते आणि आपल्याला वाटतं ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तसा दोरा सोडणारा रीलचा ब्रेक, गेला. आणि हो, हिरवा रंग तीन महिन्यात उडून पांढरी पडली म्हणून कुणी नाराज होऊ नका, पॉलिथिन रंग पीत नाही, वरून थर असतो फक्त. ताकदीला काही झालेलं नाही, १२ महिने तीच लाइन आहे, मध्ये एकदा उलटी गुंडाळून घेतली.

मार्चपासून उजनीवर. टेंभुर्णीच्या बाजूनं जायचो, दोनदा भिगवणला पण गेलो. उन्हाळ्यात पाणी मागं मागं सरकतं, आज जिथं उभं राहिलो ती जागा पंधरा दिवसांनी चिखल. पेपरात उजनी मायनसमध्ये गेली की आमच्या घरात पिण्याच्या पाण्याची काळजी सुरू होते, आणि त्याच वेळी मासा खोल जागी गोळा झालेला असतो, आनंद कशाचा करायचा तेच कळत नाही. तिथं एक भोई काका होडी लावायचे, त्यांनी पहिल्यांदा रॉड बघून विचारलं, "काय बे, ह्यानं मासा काढालायस का उंदीर?" मग एक दिवस शिंगटा मासा लागला, दीड किलोच्या वर नक्की होता, दहाबारा मिनिटं खेळवला. काका होडी थांबवून बघत होते, शेवटी म्हणले, "वढू नको, जाऊ दे त्याला, दमल की." ते दोन शब्द ड्रॅगचं अख्खं शास्त्र आहे. लाइन तुटायच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर ड्रॅग ठेवायचा, मासा जोर करेल तेव्हा जाऊ द्यायचं, थांबला की गुंडाळायचं.

मरळीला मात्र हा रॉड नको. जलपर्णीतून मरळ ओढून काढायला ताकद लागते, मी हट्टानं दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा लाइन तुटली आणि गळ तिच्या तोंडात राहिला, त्याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून मरळीसाठी मित्राचा जाड रॉड घेतो.

तक्रारी आता. सातव्या महिन्यात रीलच्या बेलची (लाइन स्पूलवर नेणाऱ्या तारेच्या कडीची) स्प्रिंग तुटली. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी पार्ट येईल येईल म्हणून सहा आठवडे काढले, मग फोनच उचलेनात. शेवटी शिलाई मशीन रिपेअर करणाऱ्या एका मामांकडं नेलं, त्यांनी जुनी तुटकी स्प्रिंग भिंगाखाली धरली, तार मोजली आणि अर्ध्या तासात नवीन वळून दिली, ४० रुपये. आजपर्यंत चालालीय. दुसरं, रॉडच्या शेंड्याच्या रिंगमधल्या सिरॅमिकला बारीक चीर. डोळ्याला दिसत नव्हती, लाइन पुन्हा पुन्हा एकाच लांबीला तुटायची. आमच्या मशीनवर पण धागा सिरॅमिकच्या गाइडमधून जातो, संशय आला की मऊ सूत ओढून बघतो, तसंच केलं, तंतू अडकला. रिंग गरम करून काढली, नवीन चिकटवली. तुम्ही कान साफ करायची कापसाची काडी फिरवून बघा, कापूस अडकला तर रिंग बदला. रॉड घेताना दुकानातच बघा हे, मी नाही बघितलं.

आणि तीर्थन, कुल्लू जिल्ह्यातली नदी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रजा मिळाली. कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून रात्रीची मनालीची बस, औटला उतरून बंजारमार्गे गुशैणी. रॉड पीव्हीसी पाइपमध्ये घालून नेला, दोन्ही टोकांना टोपण, आत जुना टॉवेल गुंडाळलेला, बसच्या टपावरून गेला तरी काही झालं नाही. सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी होतीच, तीन दिवस नदीकाठी तेच जेवलो.

लायसन्स मत्स्यखात्याचं घ्यावं लागतं आणि नुसता रॉडच चालतो, जाळं नाही. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर पूर्ण बंद, कारण ब्राउन ट्राउट त्याच थंडीत अंडी घालतात. हा मासा मूळचा इथला नाही, इंग्रजांनी आधी काश्मीरमध्ये आणला, मग १९०९ साली कुल्लूत कटराईनजवळ हॅचरी (मत्स्यबीज केंद्र) काढली, तिथून या नद्यांत पसरला. कारखान्यातल्या डाइंग खात्याचा जुना थर्मामीटर मी बरोबर नेला होता. मे महिन्यात उजनीच्या काठाला ३१ अंश लागलेले, तीर्थनला सकाळी सात वाजता ११. ट्राउटला २० च्या वर गेलं की त्रास सुरू होतो, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि या माशाला तो भरपूर लागतो. दाजी सांगायचे तो मासा तिकडंच का, हे मला तिथं हात पाण्यात घातल्यावर समजलं. हात दोन मिनिटात बधिर.

पहिला अख्खा दिवस काही नाही. एकदासुद्धा टोचलं नाही. तलावाची सवय, मी आपला लांब लांब फेकत होतो. जिथं उतरलो होतो तिथले घरमालक, वडिलांच्या वयाचे, संध्याकाळी येऊन दगडावर बसले आणि थोडा वेळ बघून म्हणाले, "बेटा, मछली पत्थर के पीछे खड़ी है, आप बीच में फेंक रहे हो." मोठ्या दगडामागं पाणी संथ असतं, ट्राउट तिथं जोर न लावता उभा राहतो आणि शेजारच्या धारेतून खाणं आलं की घेतो. म्हणजे फेक दहाबारा फुटांची, पण वीतभर इकडं तिकडं नाही चालत. पाणी इतकं स्वच्छ की आपली सावली पडली तरी मासा गेला. ब्रेडेडच्या पुढं दोन मीटर ४ पाउंडचा फ्लुरोकार्बन लीडर (पाण्यात कमी दिसणारा पुढचा तुकडा) होता, तरी मी वाकून, धारेच्या खालच्या बाजूनं चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी साडेआठच्या सुमाराला, एका काळ्या दगडामागं, तीन ग्रॅमचा स्पिनर. टोचलं ते चिलापीसारखं नाही, वीज. तो वर उडाला, पडला, धारेत घुसला, आणि तिथं मला रीलची खरी खोट कळली: ड्रॅग अडकत अडकत सुटत होता, झटक्या झटक्यानं. उजनीवर हे कधी जाणवलं नव्हतं, पण धारेत ४ पाउंडच्या लीडरवर प्रत्येक झटका म्हणजे आता गेला, आता गेला. ड्रॅग अजून ढिला केला आणि बोटानं स्पूल दाबत आणला. नऊ इंचाचा ब्राउन ट्राउट. पिवळसर अंग, लाल ठिपके आणि ठिपक्याभोवती फिकट कडं. हात आधी ओले केले, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. गळाचा उलटा काटा घरूनच पकडीनं दाबून नेलेला, म्हणून लगेच सुटला. पाण्यात दोन्ही हातांवर धरला, तोंड धारेकडं करून, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग नव्हता. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं हे लिहायला मला काही वाटत नाही.

तीन दिवसात पाच मिळाले, सगळ्यात मोठा तेरा इंच, पाचही सोडले. खायला फार्मचा मिळतो तिथं, तो खाल्ला, काटे कमी, चव चांगली, पण मला आपला वाम रस्सा जास्त आवडतो.

परत आल्यावर रील उघडलं. ड्रॅगच्या फेल्टच्या चकत्या कोरड्या ठाक, कंपनीतूनच ग्रीस नव्हतं बहुतेक. ड्रॅगचं ग्रीस चोळून बसवल्या, आता सूत सुटावं तसा सुटतो. हे जायच्या आधी करायला पाहिजे होतं. वापर झाला की ड्रॅग ढिला करून ठेवा, नाहीतर चकत्या दबून बसतात.

परत घेईन का? रॉड हाच घेईन, रिंगा तपासून. रील हे नाही घेणार, अजून हजार रुपये घालून ज्याचे पार्ट मिळतात ते घेईन. लाइन हीच. नवीन माणसाकडं पाच हजार असतील तर रॉडला दीड पुरे, बाकी रील, लाइन, स्विव्हल आणि लीडरला ठेवा. पाइप दोन इंची घ्या, दीड इंचीत रिंगा घासतात. पुढच्या मार्चची रजा मी आत्ताच टाकून ठेवलीय, साहेबांनी अजून सही केलेली नाही.