हॅमर्ली २०८ की पार्दिनी एसपी?
इंदुरात २५ मीटर पिस्तूल नेमबाजीकडे वळणारी मुलं हल्ली थेट पार्दिनी एसपीच मागतात, आणि मला ते पटतं. दोन्ही पिस्तुलं पॉइंट टू-टू (.२२) कॅलिबरचीच. पण पार्दिनीचं मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) ट्रिगरच्या पुढे असल्याने बॅरल हाताच्या अगदी लगत, खाली बसतं. रॅपिडच्या, म्हणजे झटपट झाडायच्या, पाच गोळ्यांत ते फारसं उसळत नाही, नेम धरायची पुढची साईट लगेच मागच्या साईटच्या खाचेत परत येते.

जुन्या हॅमर्लीचं मॅगझिन मुठीतच. तिचा ट्रिगर मात्र इतका स्वच्छ सुटतो की सावकाश नेमबाजीत ती आजही हार जात नाही. खरी अडचण सुट्या भागांची: उत्पादन बंद, फायरिंग पिन तुटली तर शोधत बसा. जुनी घेणारच असाल तर आधी ट्रिगरला १००० ग्रॅमचं वजन लावून बघा. ट्रिगर न सुटता ते उचललं गेलं नाही तर सामन्याआधीच्या तपासणीत अडकाल.