नाईल खोऱ्याचा सहा फुटी भिंत-नकाशा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात, मी प्राचीन इजिप्तचा कापडी अस्तराचा गुंडाळी-नकाशा १८५० रुपयांना मागवला आणि तेव्हापासून सांगलीतल्या आमच्या शाळेत इतिहासाच्या तासाला तो सतत वापरात आहे. उंची जेमतेम सहा फूट, रुंदी अडीच फूट आणि प्रमाण एका सेंटिमीटरला पाच किलोमीटर. पाठ्यपुस्तकात इजिप्त हा एक चौकोनी देश दिसतो, परंतु या नकाशावर तो अस्वानच्या धबधब्यांपासून निघून भूमध्य समुद्रापाशी पंख्यासारखी पसरणारी एक हिरवी फीत आहे. तो पंखा सोडला तर ही फीत रुंद भागातही दोन बोटांत मावते, आणि दोन्हीकडे वाळवंटाचा रंग सुरू होतो. ‘केमेत’ म्हणजे काळी भूमी आणि ‘देशरेत’ म्हणजे तांबडी भूमी, हे दोन शब्द फळ्यावर लिहून समजावण्याची गरज मला त्यानंतर पडली नाही.

पहिली अडचण दुसऱ्याच तासाला आली. वरचा इजिप्त नकाशात खाली आणि खालचा इजिप्त वर, हे मुलांना काही केल्या पटेना. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि ‘वरचा’ म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा, हे तीनदा सांगूनही चेहरे कोरेच राहिले, तेव्हा मी नकाशा सरळ उलटा टांगला. अक्षरे उलटी झाल्याने वर्गात हशा पिकला खरा, पण नदी वरून खाली वाहू लागली आणि गाठ सुटली. प्राचीन इजिप्शियन लोकही दक्षिणेकडे तोंड करूनच दिशांचा विचार करीत. त्यांच्या भाषेत पूर्व आणि डावे यांसाठी एकाच मुळातले शब्द आहेत. त्यांच्या चित्रलिपीत दक्षिणेला जाणे म्हणजे शीड उभारलेली नाव आणि उत्तरेला जाणे म्हणजे शीड उतरवलेली नाव, कारण वारा बहुतेक काळ उत्तरेकडून वाहतो आणि प्रवाह उत्तरेकडे नेतो.

नकाशाच्या उजव्या कडेला नाईलच्या वार्षिक पुराच्या उंचीची मोजपट्टी छापलेली आहे, आणि माझ्या मते पैसे तिथेच वसूल होतात. अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावरील नाईलमापकाच्या, म्हणजे पुराची पातळी मोजण्याच्या, पायऱ्या, हात व बोटे ही मापे आणि रोमन काळातील लेखक प्लिनीने नोंदवलेला हिशेब तीत दिला आहे: बारा हात पाणी चढले तर भूक, तेराला अजूनही उपासमारच, चौदाला आनंद, पंधराला निश्चिंती आणि सोळाला चैन. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी चाळीस फुटांवर गेली की ज्यांच्या घरात सामान वर चढू लागते, त्या मुलांना ही पट्टी कळायला दोन मिनिटे पुरली. नवल त्यांना याचे वाटले, की कमी पाण्याचीही तितकीच भीती होती. हे पाणी इजिप्तमध्ये पडलेल्या पावसाचे नव्हेच. जून ते सप्टेंबर या काळात इथिओपियाच्या पठारावर कोसळणारा मोसमी पाऊस निळी नाईल आणि अतबारा या नद्यांतून खाली येतो, आणि ते पठारही दख्खनसारखेच बसाल्टचे असल्यामुळे गाळ काळा.

आता तक्रार. सातवीतल्या एका मुलीने गिझाचे पिरॅमिड आणि नदी यांच्यामध्ये पट्टी धरली, दीड सेंटिमीटर मोजले आणि विचारले, ‘‘बाई, हे म्हणजे सात-आठ किलोमीटर झाले. एवढे दगड तिथून ओढतच नेले का?’’ नकाशाकडे याचे उत्तर नाही, कारण त्यात नदी कायमची एका निळ्या रेषेत गोठलेली आहे. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठच्या वादी अल-जर्फ येथे पिएर ताले यांच्या चमूला मेरेर नावाच्या मुकादमाची पपायरसवरील रोजनिशी सापडली. खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी तुरा येथील चुनखडी सुमारे चाळीस माणसांनिशी नावेतून गिझाला नेण्याच्या नोंदी तीत आहेत, दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. नदी त्या काळी पठाराच्या अधिक जवळून वाहत होती, कालवे खोदलेले होते आणि पुरात पाणी थेट पठाराच्या पायथ्याशी येत होते.

यावर उपाय म्हणून आम्ही निळा जिलेटीन कागद हिरव्या फितीच्या आकारात कापला आणि जुलैपासून महिन्यागणिक उत्तरेकडे सरकवत, चिकटपट्टीने लावत गेलो. सप्टेंबरात तो त्रिभुज प्रदेशापर्यंत पोहोचला, तेव्हा उंचवट्यांवरची गावे तेवढी ठिपक्यांसारखी उघडी राहिली. बांध घालून शेतांचे मोठे वाफे करायचे, पाणी सुमारे सहा आठवडे अडवायचे आणि मग खाली सोडून द्यायचे, ही पद्धत त्यावर नीट दाखवता आली. जाणारे पाणी क्षार धुऊन नेत असे, हे वाक्य मी मुद्दाम सावकाश उच्चारते, कारण आमच्याकडची क्षारपड जमीन मुलांनी पाहिलेली आहे. नोव्हेंबरात कागद काढला आणि पेरणी सुरू झाली: बार्ली, जवस आणि गहू. हा गहू म्हणजे आपला खपली. दुकानातून आणलेली मूठभर खपली मी वर्गात फिरवली, तिच्यातली अर्धी मूठच परत आली.

बाकीचे दोष थोडक्यात. नकाशावर ‘प्राचीन’ लिहिलेले असूनही तळाशी नासर जलाशयाचा फुगवटा आहे, जो १९७० मध्ये पूर्ण झालेल्या अस्वान धरणाचा. मी त्यावर पांढरा कागद डकवला आहे. त्रिभुज प्रदेशात आजचे दोनच फाटे दाखवले आहेत, जुने लेखक सात मोजतात. नावे केवळ इंग्रजीत असल्याने देवनागरी चिठ्ठ्या चिकटवण्यात एक रविवार गेला. खालची काठी डिसेंबरात निखळली. विक्रेत्याला दोनदा लिहिले, उत्तर नाही, शेवटी शिपाईमामांनी फेव्हिकॉल लावून ती बसवली. छपाईचा रंग मात्र उन्हाच्या भिंतीवरही उडालेला नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. घेणार असाल तर खिळे साडेसहा फुटांवर ठोका आणि जिलेटीन कागदाचे दोन ताव सोबतच आणा. एक ताव चिकटपट्टीने फाटतोच.